तीन घरांत सात

माझ्या दुकानातलं घड्याळ उलटं आहे,
आरशात सरळ दिसावं म्हणून.
खुर्चीतल्या माणसाला वेळ बरोबर कळते.
मी मागे उभा. मला अजून
थोडं थांबून वाचावं लागतं.

इवाने-सान दर तिसऱ्या मंगळवारी येतात.
रुमोईच्या बंदरात हेरिंगच्या पेट्यांची वजनं
लिहिता लिहिता म्हातारे झाले.
मी त्यांच्या अंगावर कापड टाकतो,
कापडाखालून दोन हात बाहेर येतात
आणि एक पुस्तक.
पेन्सिल कानावर.
"उजवा कान," मी म्हणतो.
पेन्सिल डाव्या कानावर जाते.

काकुरो. काळी घरं, पांढरी घरं,
काळ्यात तिरकी रेघ,
रेघेच्या वर आडव्याची बेरीज, खाली उभ्याची.
एका बेरजेत एक अंक एकदाच.
बास, एवढाच कायदा.

"दोन घरांत सतरा."
"आठ आणि नऊ."
"आधी कोण?"
"ते उभ्याला विचारा."

बावीस वर्षं आम्ही हेच बोलतो.
हवेबद्दल नाही, बर्फाबद्दल नाही,
आणि रुमोईत बर्फाबद्दल न बोलायला
फार कष्ट पडतात.
"आयुष्यभर हातचा घेतला," ते एकदा म्हणाले होते,
"इथे हातचा नसतो."
मासळीचं गोदाम बंद झालं त्या आठवड्यात
खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले,
"नऊ घरांत पंचेचाळीस."
त्यात विचारण्यासारखं काय होतं?
एकापासून नवापर्यंत सगळेच लागतात,
कुणालाच घरी पाठवता येत नाही.
मी मानेवरचे केस झटकत राहिलो.

आरशात अंक उलटे पडतात.
एकटा आठ तेवढा जसाच्या तसा.
बाकीचे मी ओळखायला शिकलो,
गावात नवीन आलेला पोस्टमन
दारं ओळखायला शिकतो तसा.

आज वरच्या कोपऱ्यात, तीन घरांत सात.
हे तर शाळकरी पोरही सांगेल:
एक, दोन, चार. दुसरं काहीच बसत नाही.
इवाने-सानांनी न विचारता लिहिलं.
मी आरशातून पाहिलं,
एक, एक आणि शेवटी दोनसारखं काहीतरी.
आरशात पाच दोनसारखा दिसतो.
म्हणजे कागदावर पाच, एक, एक.
बेरीज बरोबर. एक दोनदा.

बोलायचं ठरवलं नव्हतं मी,
न बोलायचंही ठरवलं नव्हतं.
पण कात्री थांबली.
बावीस वर्षं जो आवाज कानामागे चालू होता
तो बंद पडल्यावर कुठल्या माणसाला कळणार नाही?
त्यांनी पानाकडे पाहिलं. बराच वेळ.
मग खोडरबर घेतलं आणि घासलं,
आणखी घासलं, हात थरथरला,
कागद फाटला.
भोकातून खालच्या पानावरचा सहा
वर डोकावला.

"खालच्या मजल्यावरचा भाडेकरू," इवाने-सान म्हणाले.
"त्याला राहू दे?"
"सातात सहा मावला," मी म्हणालो,
"तर उरलेल्या दोघांना एकाच उशीवर झोपावं लागेल."
ते हसले तशी त्यांची मान हलली
आणि डाव्या कानामागे
एक बट जरा जास्तच गेली.
माझी चूक त्यांना दिसली नाही.
मी दोन बोटांनी ती नीट केली,
म्हणजे नीट दिसेल अशी केली.

कटिंगचे दोन हजार तीनशे येन.
त्यांनी हजाराच्या तीन नोटा दिल्या.
मी सुटे काढले,
पाचशेचं एक नाणं, शंभराची दोन,
आणि तसबकात एका ओळीत ठेवले.
सवयीनं. बाकी काही मनात नव्हतं.

इवाने-सान वाकले.
चष्मा कपाळावर सरकवला.
पाच, एक, एक.
"बघा," ते म्हणाले, "मघाशी
मी हेच लिहिलं होतं."

मी गल्ला पुन्हा उघडला,
चारचं नाणं शोधल्यासारखं केलं.
नाणी खिशात टाकून ते टोपी घालायला लागले,
आणि मला, डाव्या कानाच्या विचारानं,
हायसं वाटलं.